आपल्या मुलुखातला हापसा

16 एप्रिल 2024 चा पाऊस अल मजाजमधील आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. आमच्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरले, मोटार बंद पडली आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली. रस्त्यावर गुडघाभर पाणी अन् घरात नळ कोरडा! बादल्या घेऊन जिने चढताना साहजिकच गावच्या हापशाच्या आठवणी निघाल्या. त्या हापशाची घडण जालना-सोलापुरात झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्याकडचा काळा पाषाण फोडून खोल जाणे पूर्वी महाकठीण होते. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे आली, 1972 चा दुष्काळ पडला आणि गावोगाव विंधनविहिरी झाल्या. त्यांवर बसवलेले बिडाचे पंप म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांतल्या पंपांच्या नकला. तिकडे एका कुटुंबाने दिवसातून चार बादल्या काढायच्या. इकडे पहाटेपासून अख्खे गाव दांडीला लोंबकळलेले. दांडीचे सांधे झिजत, मग आतला गज तिरका ओढला जाई आणि दट्ट्याचे चामडी वॉशर एका बाजूने खाल्ले जात. सत्तरच्या दशकाच्या मध्याला देशातले सुमारे 75 टक्के हापसे बंद असल्याचे आढळले. हापसा बंद म्हणजे हंडा पुन्हा पायऱ्यांच्या विहिरीकडे, आणि त्या पाण्यातून नारू.

जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये पाण्याच्या कामावर असलेल्यांनी यावर सोपा विचार केला: सांधेच कमी करा. दांडीला एकच आस. सोलापूरच्या कारागिरांनी हा पंप पोलादात आणखी भक्कम केला. दांडीच्या टोकाला कमानदार तुकडा व त्यावरून उतरणारी साखळी असल्याने दांडी कशीही हलली तरी गज सरळच वर-खाली होतो. वाचायला किरकोळ वाटेल, पण सारी किमया इथेच आहे.

युनिसेफने हा 'सोलापूर पंप' पायाभूत धरला. मद्रासची 'मेराडो' ही संशोधन संस्था व रिचर्डसन अँड क्रूडास कंपनी यांनी त्यात सुधारणा केल्या, कोइमतूरजवळच्या खोल विहिरींवर नमुने राबवून पाहिले आणि 1977-78 च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' तयार झाला. त्याचे पाय सिमेंटच्या ओट्यात पक्के रोवलेले असतात, त्यामुळे सांडपाणी विहिरीत मुरत नाही. पेटंटचा अडसर नसल्याने तो अनेक कारखान्यांनी बनवला आणि आफ्रिकेतही लाखो लोक त्याचे पाणी पिऊ लागले.

दोष नव्हते असे नाही. वॉशर बदलायला सगळे पाइप उपसावे लागत. त्यासाठी माणसे, अवजारे आणि तालुक्याच्या मिस्त्रीची वाट पाहणे आले. पुढे 'मार्क थ्री'मध्ये पाइप जागेवर ठेवून दट्ट्या वर काढण्याची सोय झाली.

दुसरा दोष आम्हा रसायनवाल्यांच्या प्रांतातला. पश्चिम आफ्रिकेत काही ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. पाण्याचा पीएच साडेसहाच्या खाली गेला की लोखंडी पाइपावरचा जस्ताचा मुलामा टिकत नाही. सकाळी पहिले पाणी तांबडे येई, कपड्यांना डाग पडत, अन्नाला लोखंडाची चव लागे. पंप धडधाकट, पण बायका त्याला वळसा घालून पुन्हा डबक्याकडे जात. तेव्हा तिथे पाइपच बदलावे लागले: कुठे स्टेनलेस स्टीलचे, कुठे प्लॅस्टिकचे.