राज्याचे संरक्षण आणि नागरिकाचे स्वातंत्र्य : पहूरच्या दोन वाटा

जळगावाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या काठी, जामनेर तालुक्यातील पहूर हे गाव वसले आहे. पहूर पेठ व पहूर कसबे हे त्याचे दोन भाग आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांस परिचित आहेत. परंतु १९४८ पर्यंत या गावापासून काही कोसांवर एक राज्य संपत असे व दुसरे सुरू होत असे, ही गोष्ट तरुण पिढीच्या ध्यानात सहसा येत नाही. दक्षिणेस वाकोद मागे टाकून फर्दापुरास पोचलेला प्रवासी निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरे. उत्तरेस भुसावळ ओलांडून गेले म्हणजे यावल तालुक्यातील फैजपूर लागते. या दोन वाटांच्या आधाराने एका जुन्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. राज्य सुरक्षित राहावे म्हणून नागरिकाच्या स्वातंत्र्यास काही मर्यादा पडतात. त्या कोणी घालाव्यात, किती घालाव्यात आणि घालणाऱ्याने जाब कोणास द्यावा, हा तो प्रश्न होय.

प्रथम दक्षिणेच्या वाटेने जाऊ. हैदराबाद संस्थानात १९२१ पासून ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखला जाणारा हुकूम अमलात होता. सभा भरवावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी घेतली पाहिजे, असा त्याचा आशय. त्यामुळे संस्थानी प्रजेस आपली राजकीय परिषद आपल्या घरी घेता येईना. हैदराबादची पहिली राजकीय परिषद १९२३ साली काकीनाड्यास भरली. पुढील परिषदा १९२६ साली मुंबईस, १९२८ साली पुण्यास आणि १९३१ साली अकोल्यास भरल्या. आपल्याच गावाचे गाऱ्हाणे परक्या मुलखात जाऊन मांडावे लागावे, याहून मोठे दैन्य कोणते? १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली, तोच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला व स्वामी रामानंद तीर्थांसह अनेक कार्यकर्ते तुरुंगात गेले. ही बंदी उठावयास १९४६ साल उजाडले.

या सर्व बंधनांस कारण दिले जाई ते शांततेचे. पण शांतता राहिली काय? जेथे बोलावयास सभा नाही आणि राज्यकर्ता बदलावयास मत नाही, तेथे असंतोष आत साठत जातो. अखेरच्या दोन वर्षांत कासीम रझवीच्या रझाकारांनी त्याच राज्यात जो धुमाकूळ घातला तो सर्वश्रुत आहे. मात्र येथे दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रझाकारांचा उपद्रव व्याख्यानांनी थांबला नसता. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने कारवाई केली, तेव्हाच सीमेवरील खेड्यांस निर्भय झोप मिळाली. ज्या घरास रात्री दाराला कडी लावूनही भय वाटते, त्या घरात भाषणस्वातंत्र्याचा उपयोग थोडा. राज्यास बळ असावयास हवे, याविषयी वाद नाही.

आता उत्तरेची वाट. २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी काँग्रेसचे अधिवेशन फैजपूर येथे पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांनी त्यासाठी गावोगाव घेतलेले कष्ट खानदेश विसरलेला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस नागरी स्वातंत्र्य संघाची स्थापना झाली होती व रवींद्रनाथ ठाकूर त्याचे सन्माननीय अध्यक्ष होते. १९३० व १९३२ च्या चळवळींत वटहुकमांचा मार देशाने नुकताच सोसला होता. अशा वेळी फैजपूरच्या मंडपातून मागणी झाली ती प्रौढ मताधिकाराने निवडलेल्या घटना समितीची. दडपशाहीचे कायदे जावेत ही इच्छा आणि प्रत्येकास मत मिळावे ही मागणी एकाच वेळी पुढे आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

लगेच १९३७ च्या आरंभी प्रांतिक निवडणुका झाल्या. तेव्हा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे तीन कोटीच होते. ज्याची जमीन, कर किंवा शिक्षण ठराविक मर्यादेवर असेल त्यालाच बहुधा मत. तरीही मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसने जिंकल्या व बाळासाहेब खेर मुख्यमंत्री झाले. राजकीय कैदी सुटले आणि संघटनांवरील बंदी उठली. अपुऱ्या मताधिकारानेही केवढे काम केले, ते यावरून दिसते.

परंतु इतिहास येथेच थांबत नाही. याच मंत्रिमंडळाने १९३८ साली औद्योगिक कलहाचा कायदा करून संपाच्या हक्कावर बंधने आणली. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकर व कामगार पुढारी यांनी संप पुकारला, तेव्हा मुंबईत पोलिसांनी गोळीबार केला. कालपर्यंत तुरुंगात बसलेली सज्जन माणसे अधिकारावर आली, तरी अधिकाराचा स्वभाव पालटत नाही, हा त्याचा अर्थ. १९४२ साली नंदुरबारात शिरीषकुमार व त्याचे चार सोबती गोळीस बळी पडले, तेव्हा सत्ता परकी होती. परंतु सत्ता स्वकीय झाली म्हणून नागरिकाने डोळे मिटावेत, असे नाही.

घटनाकारांस याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी १९५० साली दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात लिहिल्या. कलम १९ ने बोलण्याचे, शांततेने जमण्याचे व संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य दिले. कलम २२ ने प्रतिबंधक स्थानबद्धतेस मर्यादित वाव दिला. आणि कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढास मत दिले. आपला हा समाजसंघ, त्याचे वार्षिक संमेलन आणि ही स्मरणिकादेखील त्या कलम १९ च्या आधाराने उभी आहे. ज्ञातिसंस्थांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरक्षिततेच्या नावाखाली सबंध जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर संशयाचा शिक्का बसे. हा कायदा स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. आज शेजारच्या जातीवर आलेला सरसकट संशय उद्या आपल्यावर येणार नाही, अशी हमी कोणासही देता येत नाही.

स्वराज्यातील सर्वांत कठीण परीक्षा २५ जून १९७५ च्या आणीबाणीने घेतली. ‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार आणि भारत संरक्षण नियमांखाली सुमारे ७५ हजार माणसे बंदीत गेली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनाही पुढे कारावास घडला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांची दाद मागण्याची वाट बंद केली. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे एकटे वेगळे राहिले. संसद, न्यायालय व वृत्तपत्र ही तिन्ही दारे अशी मिटली असता चौथे दार उघडले ते मार्च १९७७ मध्ये, मतपेटीचे. सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला आणि स्वतः पंतप्रधानही रायबरेलीत पडल्या. त्यानंतर ‘मिसा’ रद्द झाला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अंतर्गत आणीबाणीसाठी ‘सशस्त्र उठाव’ हे कारण आवश्यक केले आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित होणार नाही, अशी तरतूद केली. न्यायालयाने आपला तो निर्णय २०१७ साली चुकीचा ठरविला. मतदाराने मात्र चाळीस वर्षे अगोदरच आपला निकाल दिला होता.

देशावरील संकटे त्यानंतर संपली नाहीत. २००१ साली संसदेवर आणि २००८ साली मुंबईवर हल्ला झाला. कठोर कायद्यांची गरज पुन्हा पुन्हा सांगितली गेली आणि काही वेळा ती खरीही होती. ‘पोटा’ हा कायदा २००२ साली झाला व निवडणुकीत सत्ता पालटल्यावर २००४ साली रद्द झाला. तो योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतील. पण तो आला व गेला तो लोकांनी निवडलेल्या सभागृहातून. फर्दापूरच्या रहिवाशास १९३८ साली ही सोय नव्हती. राज्यास तलवार द्यावी, पण तिची मूठ ठराविक काळाने परत मागून घेण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवावा, हा मताचा अर्थ आहे.

म्हणून समाजबंधुभगिनींस विनंती अशी की, मतदानाचा दिवस सुटीचा दिवस मानू नये. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची व सासरी आलेल्या सुनांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच पाहावे. विवाह जुळविणे, वसतिगृह चालविणे, विद्यार्थ्यांस साहाय्य करणे ही संघाची कार्ये होत. कोणास मत द्यावे हे सांगणे हे त्याचे कार्य नव्हे, आणि जातीच्या नावाने मत मागणे कायद्यानेही निषिद्ध आहे. संघाने एवढेच म्हणावे की, प्रत्येकाने जावे, स्वतः विचार करून जावे, आणि उमेदवारास एक प्रश्न अवश्य विचारावा : आमच्या रक्षणासाठी तुम्ही जे अधिकार मागता, त्यांचा हिशेब आम्हांस केव्हा व कसा द्याल? हा प्रश्न विचारणारा मतदार गावोगाव असेल, तर राज्यही बळकट राहील आणि नागरिकही निर्भय राहील.