खाशाबांचे पदक आणि गोळेश्वरची तालीम (धागा)

१५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. २०२३ साली राज्य शासनाने तो जाहीर केला आणि कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लापासून भिवंडीच्या कामतघरमधल्या शाळकरी मुलापर्यंत सर्वांसाठी ही तारीख खाशाबा दादासाहेब जाधव या नावाशी जोडली गेली. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातले पहिले ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिले. १९८४ साली ते गेले. त्यांच्या स्मृतीचे काय करावे, याविषयी शासनाचे आणि कुटुंबाचे उत्तर मात्र एक नव्हते. शासनाने पुरस्कार दिले, वास्तूला नाव दिले, दिवस दिला. कुटुंबाने मागितली होती ती गावातल्या मुलांसाठी तालीम. या धाग्यात त्या मागणीचा इतिहास.

खाशाबांचा जन्म १९२६ चा, सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः मल्ल, त्यामुळे कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. हे कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी घडवलेले कुस्तीचे माहेरघर. तालमींना आश्रय, मल्लांना खुराक आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान या साऱ्यांमागे एक साधा व्यवहार होता: पैलवान घडायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांत त्याच्या दूध-बदामाचा खर्च कोणीतरी उचलावा लागतो. संस्थाने विलीन झाली तेव्हा हा व्यवहार कोणी पुढे चालवायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. खाशाबांची कारकीर्द नेमकी या सांध्यावर उभी आहे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लाल मातीत वाढलेला हा मल्ल तिथे मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लढला. मातीतली पकड आणि मॅटवरचे गुण यांचे गणितच वेगळे. रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. भारतीय मल्लासाठी ही लहान गोष्ट नव्हती, तरी खाशाबांचे समाधान झाले नाही.

हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान उरले नव्हते. त्या काळच्या मुंबई राज्याच्या सरकारकडे मदत मागितली गेली, ती वेळेवर मिळाली नाही. मग गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या सात हजारांचा अर्थ एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाची कित्येक वर्षांची कमाई. आपल्या विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर पणाला लावणारे प्राचार्य, ही घटना महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातही नोंदवली जायला हवी.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती दीर्घ चालली आणि ती त्यांनी गमावली. हाच इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या वेळच्या हकिकतींनुसार, इशीशी झुंजून दमलेल्या खाशाबांना नियमाप्रमाणे विश्रांती न मिळता लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव याच्याशी लढावे लागले. हरकत घ्यायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. २३ जुलै १९५२ रोजी गळ्यात पडले ते कांस्यपदक. पुढचे वैयक्तिक पदक भारताला १९९६ साली लिअँडर पेसने दिले. मधली ४४ वर्षे कोरी.

कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ही गोष्ट सगळे सांगतात. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, त्यांतून पैसा जमवला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे मेलबर्नची संधी हुकली. सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले, पण उतारवयात निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

मग सन्मान येऊ लागले. शिवछत्रपती पुरस्कार १९९२-९३ मध्ये, अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी, दोन्ही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीगृहाला त्यांचे नाव मिळाले. पद्म पुरस्काराची मागणी कुटुंबीय आणि चाहते वर्षानुवर्षे करीत आले. या यादीतले काहीही चुकीचे नाही. पण यातल्या एकाही सन्मानाने गोळेश्वरच्या मुलाला एक मॅट मिळत नाही.

दिवंगत खेळाडूची आठवण दुसऱ्या तऱ्हेनेही ठेवता येते. त्याचे एक उदाहरण स्पेनमधल्या बास्क प्रदेशातले आहे, आणि त्याचा धागा योगायोगाने महाराष्ट्राशीही जुळतो. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला दोराबजी टाटा आणि पुण्याचे डेक्कन जिमखाना यांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय पथकात रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. पदक एका कुस्तीने हुकले. त्याच ऑलिम्पिकमध्ये स्पेनच्या फुटबॉल संघाने रौप्यपदक जिंकले आणि त्या संघात बिल्बाओचा राफाएल मोरेनो, ऊर्फ ‘पिचीची’, होता. दोनच वर्षांनी, अवघ्या २९ व्या वर्षी, तो टायफसने गेला.

१९२६ साली, खाशाबांच्या जन्मवर्षी, बिल्बाओच्या सान मामेस मैदानात पिचीचीचा अर्धपुतळा बसला. त्या मैदानावर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या संघाने पुतळ्याला फुले वाहण्याची प्रथा आजही पाळली जाते. म्हणजे पुतळा तिथेही आहेच. फरक पुढे आहे. त्याचा अ‍ॅथलेटिक क्लब बास्क प्रदेशात जन्मलेल्या किंवा तिथे फुटबॉल शिकलेल्या खेळाडूंनाच संघात घेतो. असा क्लब मुले घडवल्याशिवाय तगू शकत नाही, म्हणून १९७१ पासून लेझामा येथे त्याचे प्रशिक्षण केंद्र चालते. फुले वाहिली जातात त्याच मैदानावर त्या केंद्रातली मुले पुढे खेळतात. हे धोरण पिचीचीच्या नावाने आखलेले नाही, हे खरे. तरी त्याच्या स्मृतीला खेळणारे वारस मिळत राहतात ते त्यामुळेच.

गोळेश्वरला नेमके हेच हवे होते. २००९ साली तत्कालीन क्रीडामंत्री दिलीप देशमुख यांनी खाशाबांच्या नावाने गोळेश्वरला राष्ट्रीय दर्जाची कुस्ती प्रबोधिनी उभारण्याची घोषणा केली. २०१३ च्या अखेरीस १ कोटी ५८ लाख रुपये मंजूर झाल्याच्या बातम्या आल्या. इमारत उभी राहिली नाही. सरकार बदलले, पाठपुरावा चालू राहिला. कुस्तीतल्या मुलाचे घडण्याचे वय फार तर दहा-बारा वर्षांचे असते. घोषणेच्या दिवशी दहा वर्षांचा असलेला गावातला मुलगा २०१७ पर्यंत अठरा वर्षांचा झाला होता.

त्या २०१७ च्या जुलैमध्ये खाशाबांच्या चिरंजीवांनी जाहीर केले की प्रबोधिनी होत नसेल तर वडिलांचे हेलसिंकीचे पदक लिलावात काढू आणि त्या पैशातून मुलांसाठी तालीम बांधू. देशभर हळहळ व्यक्त झाली, पदक विकू नका असे आर्जव झाले. पण हा निर्णय घराण्याला परका नव्हता. ६५ वर्षांपूर्वी एका शिक्षकाने तरुण मल्लासाठी घर गहाण टाकले होते. आता त्या मल्लाचे घर तरुण मल्लांसाठी आपली सर्वांत मोलाची वस्तू पुढे करीत होते.