५० एमएमची ‘फास्ट’ प्राइम लेन्स: रोजच्या फोटोंसाठी खरंच कामाची आहे का?

कॅमेरा नवा आहे, दिवसा अंगणात काढलेले फोटोही छान येतात. पण संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो एक तर हललेला असतो, नाहीतर दाणेदार. अशा वेळी अनेकांना कॅमेराच साधा असल्याची शंका येते. प्रत्यक्षात बऱ्याचदा अडचण असते ती कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सची. ती पुरेसा प्रकाश आत घेत नाही.

यावरचा सर्वांत साधा उपाय म्हणजे ५० एमएम एफ/१.८ ही लेन्स. सोशल मीडियावर ती ‘बॅकग्राउंड ब्लर’साठी प्रसिद्ध आहे. रोजच्या वापरात मात्र तिचा मोठा फायदा ब्लर नाही, प्रकाश आहे.

स्टँडर्ड, प्राइम, फास्ट म्हणजे नेमकं काय?

प्राइम: या लेन्सला झूम नसतो, फोकल लेंथ एकच असते. फ्रेम बदलायची तर पुढे-मागे चालावं लागतं.

स्टँडर्ड: फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर भरतो. फोकल लेंथ या कर्णाच्या जवळपास असली की फोटो फार पसरटही दिसत नाही आणि फार जवळ ओढल्यासारखाही वाटत नाही. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याला ५० एमएमचीच लेन्स होती. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्टिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतांश काम याच फोकल लेंथवर केलं.

फास्ट: म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स. प्रकाश जास्त मिळाला की शटर स्पीड वेगवान ठेवता येतो, म्हणून हे नाव. एफ पुढचा आकडा जितका लहान, तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं आतलं छिद्र मोठं.

प्रकाशाचा फरक किती पडतो?

१८-५५ एमएमच्या नेहमीच्या किट लेन्सवर ५० एमएमच्या आसपास झूम केला, तर अ‍ॅपर्चर साधारण एफ/५.६ पर्यंतच उघडतं. प्राइम लेन्सवर ते एफ/१.८ पर्यंत उघडतं. त्यामुळे सेन्सरवर सुमारे साडेनऊ पट प्रकाश पडतो.

याचा अर्थ असा, की किट लेन्सवर जिथे १/१३ सेकंदाचा शटर स्पीड लागतो, तिथे हीच लेन्स १/१२५ सेकंदात काम करते. आरती ओवाळणारा हात किंवा घरभर धावणारं मूल १/१३ सेकंदात नक्की हललेलं येईल. १/१२५ मध्ये नीट येण्याची शक्यता बरीच वाढते. शटर स्पीड तोच ठेवायचा असेल, तर आयएसओ ६४०० ऐवजी सुमारे ६४० पुरतो आणि फोटो कमी दाणेदार येतो.

कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन इथे पुरेसं नाही. ते तुमच्या हाताचा कंप सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही.

मग ब्लरचं काय?

ब्लर हा या प्रकाशासोबत येणारा परिणाम आहे आणि त्याची किंमतही मोजावी लागते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरून एफ/१.८ वर फोटो काढला, तर साधारण १० सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट दिसतो. आजी-आजोबा शेजारी बसले आहेत, पण आजोबा थोडे मागे टेकलेत. तेवढ्यानेही त्यांचा चेहरा धूसर होऊ शकतो. एफ/४ वर हीच खोली दुपटीहून जास्त होते.

त्यामुळे एका व्यक्तीसाठी एफ/२ ते २.८, दोघा-तिघांसाठी एफ/४ आणि मोठ्या ग्रुपसाठी एफ/५.६ पासून सुरुवात करावी. एफ/१.८ अंधारासाठी राखून ठेवावं.

५० घ्यावी की ३५?

अनेक जण इथेच फसतात. सुरुवातीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत लहान, एपीएस-सी सेन्सर असतो. त्यावर ५० एमएम लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५ ते ८० एमएमसारखी फ्रेम देते. पोर्ट्रेटसाठी ते उत्तम, पण छोट्या खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. अशा कॅमेऱ्यावर रोजच्या वापरासाठी ३५ एमएम एफ/१.८ जास्त सोयीची. मायक्रो फोर थर्ड्स कॅमेऱ्यासाठी २५ एमएम.

कुठे उपयोग होणार नाही?

अख्खं कुटुंब एका लहान खोलीत मावत नसेल, देवळाचा पूर्ण सभामंडप हवा असेल, किंवा दूरच्या स्टेजवरचा चेहरा टिपायचा असेल, तर ही लेन्स अपुरी पडते. रुंद फ्रेमसाठी फोनचा मुख्य कॅमेरा किंवा किट लेन्सच बरी.

घेण्याआधी काय करावं?

किट लेन्सचा झूम ५० वर किंवा ३५ वर ठेवा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका. घरात, गल्लीत, जेवणाच्या ताटासमोर फोटो काढून बघा. आधीच्या फोटोंची माहिती उघडली, तर प्रत्येक फोटोची फोकल लेंथही दिसते. तुमचे आवडते फोटो कोणत्या आकड्याभोवती आहेत, ते तपासा. उत्तर १८ च्या आसपास आलं, तर ५० एमएमवर पैसे घालण्याची घाई नको.

लेन्स घेतल्यावर अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड निवडा, आयएसओ ऑटोवर ठेवा, सोय असल्यास किमान शटर स्पीड १/१२५ लावा आणि फोकस कायम डोळ्यावर धरा.