निविदेतील आकडा आणि मजुराचे वेतन : इंग्लंडातील नगरसंस्थांच्या कंत्राटनीतीचे एक शतक

नगरशासनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष निवडणुका, पक्षभेद, पाणीपुरवठ्याच्या मोठ्या योजना आणि कर्तबगार महापौर यांकडे स्वाभाविकपणेच वेधले जाते. नगरसंस्थेच्या मालकीच्या घराचे गळके छप्पर कोणाकडून दुरुस्त करून घ्यावयाचे, दारातील कचऱ्याचे डबे कोणी उचलावयाचे, हे प्रश्न त्या मानाने क्षुल्लक वाटतात व दप्तराच्या तळाशी पडून राहतात. परंतु सामान्य नागरिकाचा नगरसंस्थेशी जो नित्याचा संबंध येतो तो याच कामांतून येतो. आणि संस्थेच्या खर्चाचा व मजुरांचा मोठा भाग याच कामांत गुंतलेला असतो. म्हणून ही कामे कोणास द्यावीत याविषयीचे निर्णय हे राज्यव्यवहाराच्या विचाराचे उत्तम साधन ठरते.

निविदा उघडल्यावर समोर येणारा आकडा हा एकसंध दिसतो. वस्तुतः त्यात मजुरीचा दर, कामाचे तास, साहित्याचा दर्जा, नफा आणि पत्करलेली जोखीम हे सर्व मिसळलेले असते. त्या आकड्याच्या आत डोकावून पाहण्याचा अधिकार नगरसंस्थेला असावा की नसावा, हा इंग्लंडातील सुमारे शंभर वर्षांच्या वादाचा खरा गाभा होय. ‘कंत्राटदार की संस्थेचे स्वतःचे मजूर’ हा जो वाद इतिहासात ठळकपणे दिसतो, तो या मूळ प्रश्नाचे केवळ बाह्य रूप आहे, असे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१

१८८९ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने आरंभबिंदू मानता येईल. त्या वर्षी लंडन काउंटी काउन्सिलची पहिली निवडणूक झाली, आणि लंडनच्या स्कूल बोर्डाने आपल्या कंत्राटदारांनी मजुरांना रास्त वेतन दिले पाहिजे अशी अट प्रथम घातली. काउंटी काउन्सिलनेही लवकरच तोच मार्ग अनुसरला. १३ फेब्रुवारी १८९१ रोजी सिडनी बक्स्टन यांच्या पुढाकाराने पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाने सरकारी कंत्राटांसाठी रास्त वेतनाचा ठराव संमत केला. सर्वांत स्वस्त निविदा ही सर्वांत चांगली निविदा असेलच असे नाही, कारण ती मजुराच्या पोटाला चिमटा घेऊन स्वस्त झालेली असू शकेल, हा विचार या ठरावाच्या मुळाशी होता.

या अटीचा परिणाम काय झाला याचे एक उदाहरण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. लॅम्बेथ भागातील यॉर्क रोडच्या मोरीच्या कामाचा अभियंत्याचा अंदाज सुमारे ७,००० पौंडांचा होता. निविदा आल्या त्या दोनच, आणि दोन्ही ११,००० पौंडांच्या वर. दोन्ही रकमांत फरकही अगदी थोडा. काउन्सिलने ते काम स्वतःचे मजूर नेमून केले आणि कंत्राटदारांच्या मागणीपेक्षा पुष्कळच कमी खर्चात पार पाडले. या अनुभवानंतर १८९२ च्या अखेरीस काउन्सिलने आपले स्वतंत्र बांधकाम खाते उभारण्याचा निर्णय घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे खाते केवळ तत्त्वाच्या आग्रहातून जन्मास आले नाही. बाजारात स्पर्धा नाही असे अनुभवास आल्यामुळे ते जन्मास आले.

तथापि या खात्याचा पुढील इतिहास त्याच्या पुरस्कर्त्यांना फारसा सुखावह नव्हता. १८९६ मध्ये असे उघडकीस आले की, काही कामांतील तोटा झाकण्यासाठी खात्यातील नोकरांनी एका कामाचा खर्च दुसऱ्या कामाच्या खाती टाकला होता. फायद्यातील कामांचा फायदा त्यामुळे कमी दिसे आणि तोट्यातील कामांचा तोटा नाहीसा होई. कोणी पैसे खाल्ले असा हा प्रकार नव्हता. प्रत्येक काम अंदाजाशी जुळलेच पाहिजे या दडपणातून उद्भवलेली ती खोटी नोंद होती. विरोधकांच्या हाती मात्र यामुळे कायमचे शस्त्र आले. १९०७ च्या निवडणुकीत म्युनिसिपल रिफॉर्म पक्षाने बहुमत मिळविले आणि त्यानंतर लवकरच ते खाते गुंडाळण्यात आले. कंत्राटदाराच्या आकड्यात जसे डोकावून पाहावे लागते तसेच स्वतःच्या खात्याच्या आकड्यातही पाहावे लागते, हा या प्रकरणाचा धडा होय.

२

याच काळात थेम्सच्या दक्षिण तीरावरील बॅटर्सी या कामगारवस्तीच्या विभागात हाच प्रयोग अधिक यशस्वी झालेला दिसतो. तेथील नगरसंस्थेने स्वतःच्या मजुरांकरवी लॅचमियर ही वसाहत बांधली. १९०३ मध्ये खुली झालेली ही वसाहत, संस्थेने स्वतःच्या मजुरांनी उभारलेल्या पहिल्या वसाहतींपैकी एक मानली जाते. तिच्यातील रस्त्यांना दिलेली रिफॉर्म, फ्रीडम, बर्न्स अशी नावेच त्या काळाची मनोवृत्ती सांगतात. यांतील बर्न्स म्हणजे बॅटर्सीचे प्रतिनिधी व मजूर पुढारी जॉन बर्न्स होत. या बॅटर्सीची गाठ आपणांस पुढे पुन्हा पडणार आहे.

नगरसंस्थेने आपल्या मजुरांना किती वेतन द्यावे यालाही मर्यादा आहे काय, हा प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर पूर्व लंडनमधील पॉप्लर येथे उपस्थित झाला. पॉप्लरच्या बरो काउन्सिलने आपल्या नोकरीतील स्त्री-पुरुष दोघांसही आठवड्याला किमान चार पौंड वेतन ठरविले. बाजारातील मजुरी व जीवनमानाचा खर्च उतरल्यावरही ते कमी केले नाही. जिल्ह्याच्या सरकारी हिशेबतपासनिसाने १९२१-२२ च्या हिशेबातील ५,००० पौंडांची रक्कम बेकायदा ठरवून नामंजूर केली. प्रकरण लॉर्ड्स सभागृहाच्या न्यायासनापर्यंत गेले आणि १९२५ मध्ये निकाल हिशेबतपासनिसाच्या बाजूने लागला. नगरसंस्था ही करदात्यांच्या पैशाची विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने उदार होताना मर्यादा सांभाळली पाहिजे, असा या निकालाचा आशय आहे. एकाच वेळी संस्थेने आदर्श धनी असावे आणि काटकसरी विश्वस्तही असावे, या दोन अपेक्षांतील ताण इंग्रजी कायद्याने कधीच पूर्णपणे सोडविला नाही. रास्त वेतनाचा ठराव मात्र टिकून राहिला. १९४६ मध्ये तो अधिक व्यापक स्वरूपात पुन्हा संमत झाला.

३

दुसऱ्या महायुद्धानंतर नगरसंस्थांच्या मालकीची घरे वाढली, तशी त्यांची दुरुस्ती करणारी खातीही विस्तारली. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर यांचे सरकार अधिकारावर आल्यावर या व्यवस्थेचा पायाच बदलला. १९८० च्या स्थानिक शासन, नियोजन व जमीन कायद्याने बांधकाम व दुरुस्ती खात्यांना स्वतंत्र हिशेब ठेवणे, ठराविक कामे स्पर्धेला खुली करणे आणि भांडवलावर पाच टक्के परतावा मिळविणे बंधनकारक झाले. सतत तीन वर्षे हा परतावा न मिळविणारे खाते बंद करण्याचा अधिकार मंत्र्यास मिळाला.

कचऱ्याच्या बाबतीत कायद्याच्या आधीच काही संस्थांनी पाऊल उचलले होते. एसेक्स परगण्यातील साउथएंडने १९८१ मध्ये हे काम खाजगी कंपनीस दिले. पाठोपाठ १९८२ मध्ये लंडनमधील वॉन्ड्सवर्थने मजुरांच्या तीव्र विरोधास तोंड देऊन तोच मार्ग धरला. १९६५ च्या लंडनच्या पुनर्रचनेत जुने बॅटर्सी याच वॉन्ड्सवर्थमध्ये समाविष्ट झाले होते. ज्या भूमीवर १९०३ मध्ये संस्थेच्या स्वतःच्या मजुरांनी वसाहत उभारली, त्याच भूमीवर ऐंशी वर्षांच्या आत खाजगी कंत्राटाचा आदर्श प्रस्थापित झाला.

परंतु या कालखंडातील सर्वांत दूरगामी बदल कंत्राट कोणास मिळाले हा नव्हे. सार्वजनिक कंत्राटांतील मजुरांसंबंधीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारातून ब्रिटनने १९८२ मध्ये अंग काढून घेतले. १९८३ मध्ये रास्त वेतनाचा ठराव रद्द झाला. त्यानंतर १९८८ च्या स्थानिक शासन कायद्याने कचरा उचलणे, रस्त्यांची व इमारतींची सफाई, शाळांतील भोजन, बागांची निगा व वाहनांची दुरुस्ती ही कामे सक्तीने स्पर्धेत आणली. याच कायद्याच्या १७ व्या कलमाने कंत्राटदाराच्या मजुरांचे वेतन, सेवाशर्ती वा मजूरवर्गाची रचना या गोष्टी ‘बिगरव्यापारी’ ठरवून निविदा निवडताना त्या विचारात घेण्यास नगरसंस्थांना मनाई केली. १८८९ मध्ये जे पाहणे कर्तव्य मानले गेले, ते १९८८ मध्ये पाहणे बेकायदा ठरले. वादाचा गाभा कोठे आहे हे यावरून स्पष्ट व्हावे.

४

या धोरणाने खर्च कमी झाला काय? याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘होय’ असे द्यावे लागते. पण त्यास एक पुस्ती जोडावी लागते. डॉम्बर्गर, मेडोक्रॉफ्ट आणि थॉम्पसन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीनशेहून अधिक नगरसंस्थांची आकडेवारी तपासली. खाजगी कंत्राटदाराकडे काम गेलेल्या ठिकाणी कचरा उचलण्याचा खर्च सुमारे २२ टक्क्यांनी, तर स्पर्धेनंतर संस्थेच्या खात्याकडेच राहिलेल्या ठिकाणी सुमारे १७ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे बचतीचा मोठा भाग मालकीतून नव्हे, स्पर्धेतून आला होता. या अभ्यासाच्या पद्धतीवर १९८८ मध्ये आक्षेपही घेण्यात आले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे : ही बचत कोणी भरून दिली?

या प्रश्नाचा मागोवा न्यायालयांच्या निकालांतून घेता येतो. ईस्टबोर्न येथील कचरा व रस्तेसफाईच्या कंत्राटासंबंधीच्या १९९३ च्या खटल्यात, काम हस्तांतरित होताना जुन्या मजुरांच्या सेवाशर्तींना संरक्षण मिळू शकते हे अपील न्यायाधिकरणाने मान्य केले. १९९४ मध्ये युरोपीय न्यायालयाने या बाबतीत ब्रिटनचा कायदा अपुरा ठरविला. त्याहूनही बोलके प्रकरण नॉर्थ यॉर्कशरचे आहे. शाळांतील भोजनाचे कंत्राट आपल्याच खात्याकडे राहावे म्हणून तेथील काउंटी काउन्सिलने स्वयंपाकघरातील स्त्रियांचे वेतन कमी केले. तुल्यमूल्य ठरलेली कामे करणाऱ्या पुरुषांचे वेतन मात्र पूर्ववत राहिले. १९९५ मध्ये लॉर्ड्स सभागृहाने हा समान वेतनाच्या कायद्याचा भंग ठरविला. निविदा जिंकण्यासाठी बाजारभावाशी बरोबरी करावी लागली, हा बचाव टिकला नाही. त्याच वर्षी इक्वल ऑपॉर्च्युनिटीज कमिशनने प्रसिद्ध केलेल्या संशोधनातही या धोरणाचा भार स्त्री-मजुरांवर अधिक पडल्याचे दाखविण्यात आले. आकड्याच्या आत पाहण्यास कायद्याने बंदी केली, तरी आतील वस्तुस्थिती नाहीशी होत नाही; ती दुसऱ्या दाराने न्यायालयात येऊन उभी राहते.

५

१९९९ च्या कायद्याने सक्तीच्या स्पर्धेचा अंत केला आणि एप्रिल २००० पासून ‘सर्वोत्तम मूल्या’चे कर्तव्य नगरसंस्थांवर सोपविले. २००१ च्या आदेशाने मजुरांच्या सेवाशर्ती मर्यादित प्रमाणात पुन्हा विचारार्ह झाल्या. २०१२ च्या कायद्याने सेवांची कंत्राटे देताना सामाजिक हिताचा विचार करणे सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. एका शतकाच्या फेऱ्यानंतर विचार जवळजवळ मूळ स्थानी आला.

तथापि अडचणी संपल्या असे मात्र नव्हे. २०१० मध्ये नॉरिच शहराने आपल्या घरांच्या दुरुस्तीचे काम कॉनॉट या कंपनीस देण्याचे ठरविले. तेव्हा प्रतिस्पर्धी कंत्राटदाराने ही किंमत अस्वाभाविकपणे कमी असल्याची तक्रार करून न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. पुढे काम कॉनॉटकडेच गेले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती कंपनी कोसळली. स्वस्त निविदेची किंमत येथे रखडलेल्या दुरुस्तीच्या रूपाने भाडेकरूंपुढे आली.

उलट बाजूचा दाखला बर्मिंगहॅमचा आहे. कचरा उचलणारे व रस्ते झाडणारे पुरुष यांना तेथील काउन्सिल बोनस देत असे. समान श्रेणीतील स्वयंपाक, सफाई व शुश्रूषेची कामे करणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या स्त्रियांचे दावे दिवाणी न्यायालयात चालू शकतात असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२३ मध्ये काउन्सिलने आपला खर्च भागविणे अशक्य झाल्याचे जाहीर केले, त्यामागे समान वेतनाच्या दाव्यांचा बोजा हे एक प्रमुख कारण होते. तेथे काम कोणा कंत्राटदाराकडे नव्हते. अन्याय संस्थेच्या स्वतःच्या वेतनपत्रकातच होता.

या साऱ्यावरून दोन निष्कर्ष काढता येतात. एक, कंत्राटदार आणि स्वतःचे खाते यांपैकी कोणतीही पद्धत स्वभावतः न्याय्य वा काटकसरीची नाही. यॉर्क रोडच्या मोरीत खात्याने बाजाराला उघडे पाडले; १८९६ च्या हिशेबांत खातेच उघडे पडले. दुसरा, कमी झालेला खर्च आणि दुसऱ्यावर ढकललेला खर्च हे दोन्ही निविदेत अगदी सारखेच दिसतात. त्यांतील भेद वेतनपत्रक आणि दुरुस्तीची नोंदवही उघडल्यावाचून कळत नाही. म्हणून नगरशासनाच्या इतिहासकाराने निविदांचे रजिस्टर एकट्याने वाचू नये. त्याशेजारी मजुरांचे हजेरीपट, भाडेकरूंच्या तक्रारींची वही आणि न्यायालयांचे निकाल ठेवावेत. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही कंत्राटांसंबंधी स्वतंत्र कलमे आहेत. तेथील दप्तराचा याच पद्धतीने शोध घेणे हे आपल्याकडील अभ्यासकांना फलदायी ठरेल.