मागील पानावरून पुढे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एखाद्या जुन्या पेठेतून चक्कर टाकावी, म्हणजे एक देखावा अजूनही पाहायला मिळतो. पाटावर लाल बांधणीची कोरी वही उघडून ठेवलेली असते. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली कुंकवाचे स्वस्तिक, दोन्ही अंगांना 'शुभ' आणि 'लाभ', आणि वर विड्याची पाने, सुपारी नि एक नाणे. सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिलला उजाडते आणि दुकानाचा खरा जमाखर्च आता संगणकात जातो, हे पूजा करणाऱ्या मालकाला पक्के ठाऊक असते. तरीही कोऱ्या वहीत पहिली ओळ लिहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

व्यापाऱ्याच्या वहीला असे गंधफूल मिळते. संसाराच्या वहीला मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक संसाराचा व्याप दुकानापेक्षा कमी थोडाच असतो! दुधाचा खाडा, मुलांची फी, विजेचे बिल, आजोबांच्या डोळ्यांची तपासणी, गळका नळ, नणंदेच्या घरचे कार्य. ही सारी उलाढाल बहुतेक घरांत एकाच माणसाच्या, आणि तेही बहुधा गृहिणीच्या, डोक्यात चाललेली असते. या डोक्याला कागदाचा टेकू द्यावा, म्हणून अलीकडे 'बुलेट जर्नल' नावाची हाताने लिहायची वही तरुण मंडळींत लोकप्रिय झाली आहे. नाव ऐकून दचकायचे कारण नाही. येथे बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे, यादीतल्या ओळीआधी घालतात तो ठिपका. हे एक नवे खूळ आहे, असे वडीलधाऱ्यांना वाटणे साहजिक आहे. पण या वहीचे गणगोत शोधू लागलो, तर ते पार पेशव्यांच्या फडापर्यंत आणि व्हेनिसच्या बंदरापर्यंत भेटते.

आपल्या जुन्या पेढ्यांवर तीन प्रकारच्या वह्या असत. गडबडीच्या वेळी जे घडले ते तसेच टिपायची कच्ची वही. तीवरून दिवसाचा जमाखर्च नीट मांडायची रोजकीर्द. आणि रोजकिर्दीतली प्रत्येक रक्कम ज्याच्या त्याच्या नावावर नेऊन टाकायची खतावणी. पान भरले की बेरीज मारायची आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून पुढे' असे लिहून ती उतरवायची. दुसऱ्या दिवसाचा आरंभ आदल्या दिवशीच्या 'श्रीशिल्लके'ने करायचा. या दोन साध्या सवयींत वही ठेवण्याचे सारे मर्म आहे. काल संपला म्हणून कालची बाकी संपत नाही. ती कोणीतरी आपल्या हाताने आजच्या पानावर आणावी लागते.

जी शिस्त पेढीवर, तीच दरबारात. पेशव्यांच्या दफ्तरातील रोजनिशांचे वेचे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले आणि त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रस्तावना लिहिली. बखरींतून आपल्याला लढाया आणि तह कळतात. परंतु लोक कसे जगत होते, त्यांच्या आशा आणि भीती काय होत्या, हे या रोजच्या नोंदींतून कळते, असा रानड्यांचा अभिप्राय होता. कोणाला इनाम दिले, कोठे सारा माफ केला, कोणत्या कामावर कोणाला नेमले, असल्या नोंदी लिहिणारा कारकून इतिहास लिहायला बसला नव्हता. आजचे काम आज टिपून ठेवावे, एवढाच त्याचा हेतू. १८१८ साली पेशवाई बुडाली. कारकुनाने टिपलेले मात्र उरले.

आता गंमत पाहा. सन १४९४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बहमनी राज्याचे तुकडे पडत होते त्या सुमारास, इटलीतील व्हेनिस शहरी लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने गणितावर मोठा ग्रंथ छापला. त्यात व्हेनिसचे व्यापारी हिशेब कसा ठेवतात, हे त्याने समजावून सांगितले आहे. तेथेही वह्या तीनच! घडेल तसे टिपायची पहिली, तारीखवार मांडायची दुसरी आणि खातेवार लावायची तिसरी. कोणी कोणाचे उचलले, या वादात पडण्याचे कारण नाही. ज्याला व्यवहार सांभाळायचा आहे त्याला या तीन पायऱ्या चढाव्याच लागतात. पाचोलीने आणखी एक बारकावा सांगितला आहे. पहिल्या वहीतली नोंद दुसऱ्या वहीत उतरवली, की पहिलीतल्या नोंदीवर एक तिरकी रेघ ओढावी. म्हणजे तिचे काम झाले, हे पाहताक्षणी कळते. पाचशे वर्षांनंतरच्या बुलेट जर्नलात हीच रेघ फुलीच्या रूपाने आपल्याला भेटणार आहे.

याच पाचोलीचा मिलान येथील स्नेही म्हणजे जगद्विख्यात चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची. पाचोलीच्या एका पुस्तकातील आकृत्या त्याने काढून दिल्या होत्या. लिओनार्दोच्या टिपणवह्यांत चित्रे आहेत, यंत्रे आहेत, आणि त्यांच्या शेजारी आपल्या वाणसामानाच्या यादीसारख्या याद्याही आहेत: मिलान शहराचे माप घ्यायचे आहे, फ्लँडर्समधले लोक बर्फावरून कसे चालतात ते अमक्याला विचारायचे आहे, मास्तर लुकाकडून वर्गमुळांचा गुणाकार शिकायचा आहे. एवढ्या बुद्धीच्या माणसालाही आपण विसरू अशी धास्ती वाटत होती, हे वाचून आपल्यासारख्यांना धीर येतो.

व्यापारी पैशांचा हिशेब ठेवीत; मग दिवसांचाच हिशेब का ठेवू नये? लंडनमध्ये पुढे आरमार खात्यात नोकरीला लागलेल्या सॅम्युएल पेपिसने १ जानेवारी १६६० रोजी लघुलिपीत रोजनिशी सुरू केली. लंडनची १६६५ ची प्लेगची साथ आणि १६६६ ची भीषण आग यांची वर्णने तिच्यात आहेत, म्हणून इतिहासकार तिला डोक्यावर घेतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. हा गृहस्थ महिन्याच्या अखेरीस आपली एकंदर पुंजी मोजून लिहीत असे. दारू आणि नाटके यांवर ताबा ठेवण्यासाठी लेखी शपथा घेई, त्या रविवारी वाचून काढी, आणि मोडल्यास गरिबांसाठी दंड बाजूला ठेवी. शपथा पुष्कळदा मोडतही. पण मोडल्याची नोंद तो प्रामाणिकपणे करी. डोळे जातील या भयाने ३१ मे १६६९ रोजी त्याने ही रोजनिशी बंद केली. पुढे तो १७०३ पर्यंत जगला आणि त्याचे डोळेही गेले नाहीत. पण तशी रोजनिशी त्याने पुन्हा धरली नाही.

पेपिसच्या शपथा जेथे थांबतात, तेथून बेंजामिन फ्रँकलिन पुढे निघतो. फिलाडेल्फियातील या मुद्रकाने ऐन तरुणपणी निर्दोष व्हायचे ठरवले. त्याने तेरा सद्गुण निवडले, लहानशा वहीत दर पानावर वाराचे सात उभे आणि गुणांचे तेरा आडवे रकाने आखले, आणि दिवसभरात जो गुण ढळला त्याच्या घरात काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. पानावरचे ठिपके खोडून तीच वही पुन्हा वापरता वापरता कागदाला भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची वही घेतली. तिच्यावर शिसपेन्सिलीने केलेली खूण ओल्या स्पंजाने पुसता येई. दिवसाचे वेळापत्रकही त्याने आखले होते: पहाटे पाचला उठून आज कोणते चांगले काम करीन हे स्वतःला विचारायचे, आणि रात्री कोणते केले हे विचारायचे.

त्याला सर्वांत छळले कोणत्या गुणाने? व्यवस्थितपणाने! मुद्रकाच्या धंद्यात गिऱ्हाईक आपल्या सवडीने येणार. मग वेळापत्रक कसले सांभाळता? फ्रँकलिनने येथे एक गोष्ट सांगितली आहे. एकाला आपली कुऱ्हाड धारेसारखी सगळीकडे चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, "करून देतो, तू फक्त चाक फिरव." थोड्याच वेळात त्याचे हात भरून आले आणि डागांची कुऱ्हाडच आपल्याला आवडते म्हणून तो ती घेऊन चालू लागला. आपणही निर्दोष झालो नाही, पण खटपटीमुळे होतो त्यापेक्षा बरे आणि सुखी झालो, असे फ्रँकलिनने म्हातारपणी लिहून ठेवले आहे. ज्या वहीत सगळ्याच कामांवर फुल्या पडलेल्या नसतात, तिच्या मालकाने ही कुऱ्हाड लक्षात ठेवावी.

आपल्या गांधीजींची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. १८८८ साली ते लंडनला शिकायला गेले, तेव्हा बसभाडे नि टपाल यांसकट पै-पैचा खर्च मांडून निजण्यापूर्वी शिल्लक जुळवण्याची सवय त्यांनी लावून घेतली. पुढे सार्वजनिक पैसा हाताळताना ही सवय आपल्या कामी आली, असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे.

वह्या वाढल्या की निराळीच पंचाईत होते. लिहिलेले असते, पण सापडत नाही! यावर तत्त्वज्ञ जॉन लॉक याने तोड काढली आणि ती १६८६ साली प्रसिद्ध केली. वहीच्या आरंभी दोन पानांत शंभर घरे आखायची: वीस अक्षरे, आणि प्रत्येकापुढे पाच स्वर. विषयाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर पाहून त्या घरात पानाचा आकडा टाकायचा. अशाने टिपण कोठेही लिहा, अनुक्रमणिका ते हुडकून देते.

इतके होईपर्यंत वही कोरी होती. तिची आखणी ज्याची त्याने करायची होती. १८१२ साली लंडनच्या जॉन लेट्स या कागदविक्याने तारखा छापलेली डायरी विकायला आणली, आणि सोय झाली तशी अडचणही झाली. लग्नघाईच्या दिवसाला जेवढी जागा, तेवढीच रिकाम्या दिवसाला. जानेवारीत उत्साहाने भरलेली आणि मार्चनंतर कोरी राहिलेली डायरी कोणाच्या घरी नाही? आपल्या गृहिणींनी यातून आपला मार्ग काढला. १९७३ पासून 'कालनिर्णय' भिंतीवर आले, आणि तारखेच्या चौकोनात दुधाचा खाडा, गॅसचा नंबर, बाईची रजा मांडली जाऊ लागली. घराचा खरा इतिहास त्या चौकोनांत असतो. डिसेंबर संपला की तो रद्दीत जातो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रायडर कॅरोल याला लहानपणापासून लक्ष एका जागी ठरत नसल्याचा विकार होता. शाळेपासून वह्यांशी झगडत त्याने स्वतःपुरती एक रीत बसवली, ती २०१३ साली लोकांपुढे मांडली आणि २०१८ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. साहित्य काय, तर कोरी वही आणि लेखणी. आरंभी अनुक्रमणिका, मग पुढच्या महिन्यांची कामे, मग चालू महिना, मग आजचा दिवस. कामाला ठिपका, घडणाऱ्या गोष्टीला पोकळ वर्तुळ, टिपणाला आडवी रेघ. काम झाले की ठिपक्याची फुली. महिनाअखेर झाली की उरलेले प्रत्येक काम वाचायचे; हवे असेल तर बाण काढून नव्या पानावर पुन्हा हाताने लिहायचे, नको असेल तर खोडायचे. जे काम पुन्हा लिहिण्याचाही कंटाळा येतो, ते करण्याजोगे तरी आहे काय, असा कॅरोलचा सवाल आहे.

वाचकहो, हेच ते 'मागील पानावरून पुढे'! फरक इतकाच की पेढीवरची बाकी सोडता येत नाही. जिवाची मात्र सोडता येते. यंत्र राहिलेले काम आपोआप पुढच्या दिवशी ढकलते, म्हणून ते वर्षभर ढकलले तरी आपल्याला टोचत नाही. हाताला मात्र ते तिसऱ्यांदा लिहिताना टोचते. 'आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे' ही ओळ आषाढात लिहिली, श्रावणात लिहिली, भाद्रपदात पुन्हा लिहायला घेतली, की लेखणी थांबते आणि माणूस डॉक्टरांची वेळ ठरवायला उठतो. आणि 'फ्रेंच शिकणे' ही ओळ तितक्याच वेळा लिहून झाली असेल, तर ती एका रेघेने खोडून टाकण्यातही समाधान आहे.

रंगीत शाया आणि वेलबुट्ट्या यांची काहीही गरज नाही. शाळेतली दोनशे पानी वही पुरते. ती घरातल्या सर्वांच्या हाताशी राहील अशा जागी ठेवावी, म्हणजे आजवर एकाच डोक्याने वाहिलेला भार चार हातांना दिसेल आणि चारांत वाटला जाईल. या पाडव्याला पहिल्या पानावर 'श्री' लिहून झाले, की सरत्या वर्षाची राहिलेली कामे एकदा वाचून काढावीत, आणि प्रत्येकापुढे थांबून ठरवावे: हे सोडायचे, की पुढे न्यायचे?