लिनक्स लॅपटॉपचं वाय-फाय मध्येच गायब होतंय? आधी ड्रायव्हर तपासा

मागच्या पावसाळ्यात मी हिमायतनगरला घरी होतो. चुलत बहिणीचा इंजिनिअरिंग प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. कॉलेजांची यादी अर्धी भरली आणि माझ्या उबुंटू लॅपटॉपचं वाय-फाय गेलं. काका म्हणाले, "पाऊस आला की नेट जातंच." पण त्याच वाय-फायवर त्यांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ मस्त चालू होता. म्हणजे राउटर ठीक, बिघाड लॅपटॉपमध्ये.

आधी काम उरका

अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. बहुतेक फोन मोबाइल डेटाच काय, घरचं वाय-फायही केबलमधून देतात. यात लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड लागतच नाही. आमचा फॉर्म असाच सबमिट झाला. दुरुस्ती रात्री निवांत केली.

नक्की बिघडतं काय?

ड्रायव्हर म्हणजे लिनक्सच्या कर्नलला कार्डशी बोलायला शिकवणारा प्रोग्राम. फर्मवेअर म्हणजे खुद्द कार्डाच्या चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम. दोघांपैकी एक अडकला की वाय-फायची यादी रिकामी दिसते, किंवा वाय-फायचा पर्यायच गायब होतो.

क्रमाने तपासा

(कमांड टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा.)

१. वाय-फाय गेल्या गेल्या, रीस्टार्ट न करता, टर्मिनलमध्ये 'सुडो' लिहून पुढे 'डी-एम-ई-एस-जी' कमांड द्या. शेवटच्या ओळींत 'फर्मवेअर', 'टाइमआउट', 'फेल्ड' असे शब्द दिसले, तर संशय ड्रायव्हर-फर्मवेअरवर.

२. 'एल-एस-पी-सी-आय', स्पेस, डॅश, 'के' अशी कमांड द्या. 'नेटवर्क कंट्रोलर'च्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत ड्रायव्हरचं नाव मिळेल. ते लिहून ठेवा.

३. ड्रायव्हर काढून परत घाला. 'सुडो मॉडप्रोब', डॅश, 'आर' आणि ड्रायव्हरचं नाव. मग तीच कमांड डॅश-आर न लिहिता. 'इन यूज' असा एरर आला तर लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा.

४. वाय-फायची पॉवर सेव्हिंग बंद करा. बॅटरी वाचवायला कार्ड डुलकी घेतं आणि काही कार्डं त्यातून नीट उठतच नाहीत. उबुंटूमध्ये 'ईटीसी' फोल्डरातल्या 'नेटवर्कमॅनेजर'च्या 'कॉन्फ-डी'मध्ये पॉवरसेव्हची फाइल असते. तिच्यातला ३ बदलून २ करा आणि रीस्टार्ट करा. माझा त्रास इथेच थांबला. बॅटरी थोडी जास्त जाते, पण चालतंय.

५. तरीही थांबलं नाही, तर टेदरिंगवरून सिस्टीम अपडेट करा. नवं कर्नल आणि फर्मवेअर त्यातच येतं. उलट, त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर लॅपटॉप चालू होताना ग्रब मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुनं कर्नल निवडून बघा.

एक चूक टाळा

घाईघाईत कुठल्याही वेबसाइटवरून ड्रायव्हर उतरवू नका. बाहेरचा ड्रायव्हर कर्नल बदललं की पुन्हा बनवावा लागतो, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही.

आणि हो, शेवटच्या तारखेचा फॉर्म असेल, तर डेटा केबल हाताशी ठेवूनच बसा. फक्त चार्जिंगची केबल असेल तर टेदरिंग होत नाही.