डोळे उघडे, तरी समोरची दुचाकी 'दिसलीच नाही' असं का होतं?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग एकत्र येतात. अशा चौकात वळणाऱ्या कारने दुचाकीला धडक दिली की चालकाचं वाक्य ठरलेलं असतं, "शपथ, मला दिसलीच नाही हो!" जमलेली गर्दी त्याला खोटारडा ठरवते. पण मेंदूविज्ञान सांगतं की तो खरं बोलत असू शकतो. त्याने चूक माफ होत नाही, ते वेगळं.

डोळा कॅमेऱ्यासारखा नाही का?

अर्धवटच. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच भाग आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो. त्यामुळे नजर सेकंदाला सुमारे तीन उड्या मारत असते आणि उडीच्या क्षणी मेंदू चित्र जवळपास बंद ठेवतो. खात्री करायची असेल तर आरशासमोर उभे राहा आणि आपल्याच डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे बघा. डोळे हलताना दिसणार नाहीत. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतील, कारण तिथलं चित्र किंचित उशिरा येतं.

'चेंज ब्लाइंडनेस' म्हणजे काय?

रोनाल्ड रेन्सिंक आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लोकांना एक फोटो दाखवला, मग क्षणभर कोरा पडदा, मग तोच फोटो एका बदलासह. हे चक्र पुन्हा पुन्हा चालवलं. बदल मोठा असूनही तो सापडायला लोकांना बराच वेळ लागत होता. कोरा पडदा काढला की बदल लगेच डोळ्यांत भरतो, कारण हललेली गोष्ट लक्ष खेचते. रस्त्यावर हा 'कोरा पडदा' फुकटात मिळतो: पापणी मिटते, नजर उडी मारते, वायपर फिरतो.

मग काही जणांना बदल पटकन कसा दिसतो? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले मेंदूशास्त्रज्ञ देवराजन श्रीधरन यांच्या गटाने यावर काम केलं. ३९ जणांना अशाच फोटोंच्या जोड्या दाखवून त्यांची नजर कुठे, किती वेळ थांबते हे यंत्राने टिपलं. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष अगदी साधा होता. बदल चटकन ओळखणाऱ्यांची नजर एका जागी जास्त वेळ टिकत होती आणि तिच्या उड्यांच्या लांबीत कमी चढउतार होता. म्हणजे भराभर सगळीकडे बघणारा माणूस जास्त बघतोच असं नाही. अर्थात हे प्रयोगशाळेतले फोटो आहेत. यावरून कुणी 'नजर तेज करण्याचा कोर्स' विकत असेल तर पैसे देऊ नका.

नजर तिथेच असेल तर?

तरीही सुटू शकतं. चेंडूचे पास मोजणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिला दिसला नाही, हा १९९९ चा प्रयोग व्हायरल होऊन जुना झाला. त्याची २०१३ ची आवृत्ती जास्त हादरवणारी आहे. फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना शेवटच्या स्कॅनमध्ये सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं गोरिलाचं चित्र टाकून दिलं. २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट गोरिलावर पडली होती! हे नवशिके नव्हते. गाठी शोधण्यात लक्ष अडकलं होतं, एवढंच. कारवालाही वळताना ट्रक, बस, कारच शोधत असतो.

हँड्सफ्री बोललं तर चालतं ना?

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये गाडी चालवल्यासारखं एक काम लोकांना प्रयोगशाळेत करायला दिलं. फोनवर बोलत असताना सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीपर्यंत गेलं. फोन हातात असो वा हँड्सफ्री, फारसा फरक नव्हता. रेडिओ ऐकणाऱ्यांमध्ये मात्र अशी घसरण दिसली नाही. रेडिओला उत्तर द्यावं लागत नाही, फोनवर द्यावं लागतं.

आपल्या मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना 'हातात धरलेलं' संपर्क साधन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलं. कानातल्या इअरबडवरचं बोलणं त्या शब्दांत बसत नाही. हेल्मेटच्या आत मोबाईल खोचून गप्पा मारत जाणाऱ्याला आपले दोन्ही हात मोकळे असल्याचं समाधान असतं. लक्ष मात्र मोकळं नसतं.